लिफ्ट केलेल्या व्ही-क्रॉसला एक टनाचा कॅराव्हॅन ट्रेलर जोडता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला राहता, 1.9 लिटरची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, ऑफरोडिंगसाठी गाडी दोन इंच उचलून घेतली आहे, 245/70 आर 16 काढून 265/75 आर 16 चे मड टायर टाकलेत, पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटर) आहे. आता मुलांना घेऊन फिरायला साधारण एक टनाचा कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घ्यायचा आहे. गाडी तो ओढेल का?

ओढेल. 163 पीएस आणि 360 न्यूटन मीटर टॉर्क असलेल्या इंजिनाला एक टन जड नाही. कसारा घाट तुम्ही तिसऱ्या गियरवर आरामात चढाल. मी खारघरला राहतो आणि चार वर्षं जवळजवळ तुमच्यासारख्याच गाडीमागे 14 फुटी ट्रेलर लावून फिरतोय. ताकद कमी पडली असं मला एकदाही वाटलं नाही. कमी पडलं ते दुसरंच. डोंगरात चढण्यासाठी गाडीला आपण जे जे करून घेतो, त्यातलं बरंचसं मागे ट्रेलर लागला की आपल्याच विरुद्ध जातं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुसऱ्याच ट्रिपची गोष्ट. भंडारदऱ्याहून परत येत होतो. कसारा घाट नीट उतरलो, शहापूर मागे पडलं, रस्ता सपाट आणि मोकळा म्हणून काटा 80 वर गेला. पडघ्याच्या अलीकडे एक कंटेनर उजवीकडून जोरात पुढे गेला. त्याच्या हवेचा झोत लागला आणि ट्रेलर डोलायला लागला. आरशात आधी त्याचं डावं टोक दिसलं, मग उजवं, मग पुन्हा डावं, प्रत्येक वेळी थोडं जास्त. स्टिअरिंग हलकं झालं होतं, पुढची चाकं रस्त्याला टेकलीत की नाही असं वाटावं इतकं. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. मी एवढंच केलं की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग 60 च्या खाली आला तसं डोलणं थांबलं. ब्रेक दाबला असता किंवा डोलण्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवत बसलो असतो, तर ट्रेलरने गाडीलाही आडवं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी भरलेला ट्रेलर कळंबोलीला वजनकाट्यावर नेला. 960 किलो भरला. मग कपलरचं, म्हणजे ट्रेलरचं तोंड गाडीच्या मागच्या हुकावरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, किती भार टाकतं ते घरी मोजलं. मोठ्या काट्यावर इतकं कमी वजन नेमकं कळत नाही, पण बाथरूमच्या वजनकाट्यावर कळतं. तीन फुटांची जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर आडव्या ठेवलेल्या पाइपवर आणि दुसरं टोक बाथरूमच्या काट्यावर ठेवलेल्या पाइपवर टेकवा. विटेकडच्या पाइपपासून बरोबर एक फुटावर ट्रेलरचं तोंड फळीवर टेकवा, म्हणजे काट्याकडचा पाइप दोन फूट लांब राहील. नुसत्या फळीचं वजन वजा करून जो आकडा येईल त्याला तीनने गुणायचं. मोजताना ट्रेलर सपाट उभा हवा आणि चाकांना ओंडके लावलेले हवेत. माझा काटा 13 वर थांबला. म्हणजे बॉलवर फक्त 39 किलो, 960 च्या 4 टक्के. तो भार 10 ते 15 टक्के असावा लागतो. त्याहून कमी असला की ट्रेलरचं शेपूट जड होतं आणि तो डोलणारच.

भार कुठे गेला होता? पाण्याची 80 लिटरची टाकी अगदी मागच्या टोकाला, त्याच्याही मागे दोन सायकली. आणि ट्रेलर सपाट चालतच नव्हता. लिफ्टमुळे माझ्या गाडीचा बॉल जमिनीपासून 56 सेंटिमीटरवर होता, तर ट्रेलर सपाट राहायला तो 43 वर हवा होता. तेरा सेंटिमीटरचा फरक. ट्रेलर नाक वर करून चालत होता, टाकी अर्धी असली की पाणी मागच्या भिंतीकडे जमत होतं. ज्या गॅरेजने हुक बसवून दिला त्यांनी मापच घेतलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

उपाय स्वस्तात झाला. बॉल 13 सेंटिमीटर खाली आणणारा ड्रॉप बार घेतला. टाकी रिकामी करून निघायचं ठरवलं, पाणी मुक्कामाच्या गावातच भरतो. बॅटरी आणि गॅस सिलिंडर ट्रेलरच्या तोंडाजवळच्या पेटीत हलवले, सायकली गाडीच्या हौद्यात आल्या. पुन्हा मोजलं तर बॉलवर 115 किलो, म्हणजे 10 ते 15 टक्क्यांच्या मध्ये. तेव्हापासून कंटेनर शेजारून गेला तर धक्का जाणवतो, पण ट्रेलर जागेवर राहतो.

आता हा भार जास्त झाला तर काय होतं, तेही बघा. बॉल मागच्या आक्सापासून साधारण 1.3 मीटर मागे असतो आणि आपल्या गाडीच्या दोन आक्सांमधलं अंतर 3.1 मीटरच्या आसपास आहे. बॉलवर 120 किलो ठेवले की तरफेच्या हिशेबाने पुढच्या चाकांवरून सुमारे 50 किलो उचलले जातात आणि मागच्या आक्सावर 170 पडतात. गाडी आधीच उंच, त्यात ऑफरोडसाठी मागचे स्प्रिंगचे पाटे मऊ घेतले असतील तर गाडी मागे बसते आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. तुमच्या बंपर-विंचचं वजन पुढे असल्याने थोडं सावरतं, पण ते सगळं वजन गाडीच्या भारक्षमतेतूनच वजा होतं. बॉलवरचा भारही त्यातूनच. माणसं, फ्रिज, हौद्यातलं सामान, विंच आणि बॉल या सगळ्यांची एकदा बेरीज करा. रूफ टेंट (टपावरचा तंबू) असेल तर तो ट्रेलरच्या दिवसांत घरी ठेवा.

टायरचं गणित वेगळं आहे आणि बहुतेक जण ते विसरतात. 245/70 आर 16 चा व्यास 749 मिलिमीटर येतो, 265/75 आर 16 चा 804. सात टक्क्यांचा फरक. स्पीडोमीटर 75 दाखवतो तेव्हा तुम्ही 80 वर असता. सगळे गियर तितकेच लांब होतात, म्हणून उतारावर इंजिन गाडीला आधीइतकं धरून ठेवत नाही. मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकलाही जास्त जोर लागतो. एकटी गाडी असताना हे जाणवत नाही. बोरघाट उतरताना मागून एक टन ढकलत असला की जाणवतं. पूर्वी अमृतांजन पूल होता त्या पट्ट्यात मला एकदा ब्रेक पॅडचा तो जळका, तुरट वास आला आणि खोपोलीला पोहोचेपर्यंत जीव मुठीत होता. आता घाट सुरू होण्याआधीच खालचा गियर घेतो, चढताना जो लागला असता तोच, आणि ब्रेक मध्येमध्ये नीट दाबून सोडतो. पाय ब्रेकवर ठेवून घाट उतरायचा नाही.

म्हणून ब्रेक नसलेला ट्रेलर घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्याने त्याचेच ब्रेक लागतात, हा साधा प्रकार. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलर गाडीत डॅशबोर्डजवळ बसतो, आणि डोलणं सुरू झालं तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात. माझ्याकडे आता इलेक्ट्रिक आहेत. त्या पडघ्याच्या दिवशी नव्हते.

पावसात घाटात 4एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, टाकायची सवय असेल तर तीही मोडा. आपल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आक्सांमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. डांबरावर वळताना दोन्ही आक्स एकमेकांशी झगडतात आणि ट्रेलर लावला की वळण आणखी अवघड होतं. 4एच चिखलाच्या मुक्कामासाठी राखून ठेवा. तिथून ट्रेलर बाहेर काढायला 4एल (चारही चाकं, पण हळू आणि जास्त जोराने) इतकं चांगलं काही नाही.

कागदांबद्दल स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. बुलबारवर, म्हणजे गाडीपुढच्या लोखंडी गार्डवर, केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असतं, त्याची आरसी, नंबर प्लेट, विमा सगळं वेगळं. कंपनीने मंजुरी घेऊन बनवलेलाच ट्रेलर घ्या. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घेतलेला ट्रेलर आरटीओत नोंदणीला अडकतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न लिफ्ट आणि हुकचाच असेल. लिफ्ट काढून गाडी मूळ उंचीवर आणायची तयारी असेल तर माझा सल्ला तोच. ओढणंही सोपं होईल आणि झोपही शांत लागेल.

पार्किंगचा विचार आधी करा. घोडबंदरच्या सोसायट्यांत ट्रेलरला सहसा जागा देत नाहीत. माझा मुरबाडजवळ मावसभावाच्या शेतावर शेडमध्ये असतो. रिव्हर्स घेणं रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर शिका. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा. दोन रविवार पुरतात.

पहिली ट्रिप गायमुख घाटाकडे किंवा मुंब्रा बायपासला नको, तिथे जेएनपीटी बंदराचे कंटेनर रांगेने असतात. माजिवड्याहून भिवंडी बायपास, पडघा, शहापूर आणि परत. घाट नाही, रस्ता रुंद आहे. 70 च्या वर जाऊ नका. आणि ट्रेलर बघायला जाल तेव्हा फळी, दोन पाइप आणि बाथरूमचा काटा सोबत न्या. विकणारा मोजू देत नसेल तर तो ट्रेलर सोडून द्या.