मेट्रोच्या गेटात आईचा हात मोडला: दंडाचे सोडा, तारीख बघा

डिचोलीच्या एका वाचकाचे तीन पानी पत्र आले आहे. 12 ऑगस्ट 2024 रोजी ते आईला घेऊन मुंबईत मेट्रोने जात होते. मोबाइलवर दोन क्यूआर तिकिटे, आईच्या हातात काठी, यांच्या हातात चाकांची बॅग. आत शिरताना आईला धरून दोघे एकाच स्कॅनवर गेले. बाहेर पडताना यांनी आईचे तिकीट दाखवले आणि बॅग पुढे ढकलली. मागून आई निघाली आणि गेटाचे फ्लॅप, म्हणजे उघडझाप करणारी झापे, मिटले. आई पडली, उजवे मनगट मोडले. यांचे स्वतःचे तिकीट तर गेट घेईचना, कारण त्यावर प्रवेशाची नोंदच नव्हती. कर्मचाऱ्याने भाडे आणि वर जादा आकार घेतला. पत्राची अडीच पाने या जादा आकारावर आहेत, मनगटाला चार ओळी.

अशी पत्रे आता बरीच येतात. आपल्याकडे गोव्यात थिवी किंवा मडगाव रेल्वे स्टेशनच्या दारात टीसी उभा असतो, त्याच्याशी बोलता येते. मुंबईच्या गेटाशी हुज्जत घालता येत नाही, मग सगळा राग दंडावर निघतो.

दंडाचा विषय सोडून द्या. एक स्कॅन म्हणजे एक माणूस, हा त्या यंत्राचा साधा हिशेब आहे. तुमच्या तिकिटावर प्रवेश पडला नाही तो तुम्ही पाडला नाही म्हणून. पैसे दोन्ही तिकिटांचे भरले होते हे खरे, आणि त्याच वेळी मदत कक्षावर दोन्ही क्यूआर दाखवून लेखी मागणी केली असती तर कदाचित काही सुटलेही असते. आज त्या रकमेसाठी भांडणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तुमचे सगळे प्रकरण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 वर उभे आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. म्हणजे 12 ऑगस्ट 2026. हे लिहिताना तुमच्या हातात जेमतेम सात आठवडे उरले आहेत आणि तुम्ही विचारता आहात, की मेट्रोला अकरावा ईमेल पाठवू का? नको. दहा ईमेल पाठवले आणि पाच वेळा 'आपली तक्रार नोंदवली आहे' असे उत्तर आले, म्हणून मुदत एका दिवसानेही पुढे सरकलेली नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगितले आहे की आता लिहायचाही कंटाळा येतो. उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण लागते आणि ते आयोगाला पटावे लागते. 'उत्तराची वाट पाहत होतो' हे कारण सहसा पटत नाही. आधी वकिलाची नोटीस द्यावीच लागते, हाही गैरसमज आहे. ग्राहक तक्रारीला नोटीस सक्तीची नाही. नोटिशीत महिना घालवू नका.

मी तुमच्या जागी 31 जुलै हीच शेवटची तारीख धरीन. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार चढवली की काम संपत नाही. छाननीत त्रुटी निघतात: पान वाचता येत नाही, शपथपत्र नोटरी केलेले नाही, प्रतिपक्षाचा, म्हणजे मेट्रो चालवणाऱ्या संस्थेचा, पत्ता अपुरा आहे. त्या दुरुस्त करायला दिवस लागतात.

मुंबईला जावे लागेल ही भीतीही काढून टाका. कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मात्र तक्रारदार तुम्ही नव्हे, आई. तिकीट तुम्ही काढले असले तरी तुमच्या संमतीने सेवा वापरणारी तीही कायद्याच्या व्याख्येत ग्राहक आहे, आणि इजा तिला झाली आहे. तुमची नोकरी दक्षिण गोव्यात वेर्ण्याला, म्हणून तुम्ही मडगावच्या आयोगाचा विचार केलात. आई डिचोलीत राहते, तेव्हा तक्रार उत्तर गोवा जिल्हा आयोगात. तिच्या आधार कार्डावर अजून मुंबईचा जुना पत्ता असेल तर राहण्याचा दुसरा पुरावा जोडा, नाहीतर पहिली हरकत तीच येईल. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. इथे मोजलेली रक्कम म्हणजे तिकिटाचे पैसे, तुम्ही मागणार ती भरपाई नव्हे.

तुमच्या मेव्हण्यांनी सुचवलेला रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा रस्ता चुकीचा आहे. तो 1989 च्या रेल्वे कायद्याखालच्या अपघातांसाठी, म्हणजे कोकण रेल्वेच्या गाडीतून कोणी पडले तर. मेट्रोला 2002 चा वेगळा कायदा आहे. त्यातही दावा आयुक्ताची सोय आहे, पण गेटवरची इजा त्यात बसवणे मला अवघड दिसते.

आता पुरावा. इथे मी कमी खात्रीने बोलतो, कारण दोष गेटाचा की तुमचा, हे अजून कोणी तपासलेले नाही. गेटाच्या मार्गात दोन्ही बाजूंना सेन्सर असतात. पुढे काय सरकले आणि मागे काय आहे ते त्यांवरून ठरते. बॅग माणसाच्या पुढे गेली की यंत्र तिलाच प्रवासी समजू शकते. ती पलीकडे पोचली की त्याच्या हिशेबी काम झाले, आणि फ्लॅप मागच्या माणसावर मिटतात. बॅग नेहमी बाजूला किंवा मागे धरायची ती यासाठी. प्रतिपक्ष नेमके हेच म्हणेल आणि पुढे विचारेल, की काठी घेतलेल्या बाईंना शेजारच्या रुंद गेटातून का नेले नाही? उत्तर तयार ठेवा. रुंद गेट बंद होते का, तिथे माणूस होता का, फलक कुठे होता? आठवत नसेल तर आठवत नाही असेच लिहा. मार्गात माणूस उभा असताना फ्लॅप मिटू नयेत, हे सेन्सरचेच काम आहे. तुमची बाजू टिकेल ती या मुद्द्यावर. निष्काळजीपणा दोघांचाही ठरला तर भरपाई कमी होईल, पण दावा त्यामुळे आपोआप पडत नाही.

सीसीटीव्हीचे चित्रण इतक्या दिवसांनी मिळण्याची आशा धरू नका. ते पहिल्या आठवड्यातच लेखी मागायला हवे होते. मात्र क्यूआरच्या व्यवहाराची नोंद सर्व्हरवर राहिलेली असू शकते: कोणत्या गेटवर, किती वाजता, स्कॅन झाला की नाकारला. अॅपमधल्या दोन्ही तिकिटांचे क्रमांक आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा, फोन बदलला की ते जाऊ शकतात. मेट्रो सरकारी महामंडळ चालवत असेल तर त्या गेटाच्या देखभालीची नोंद माहिती अधिकारात मागा. शुल्क दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. पण उत्तरासाठी तक्रार अडवून ठेवू नका. कागद हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे, तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या.

सगळ्यात नाजूक कागद तुम्ही सहज म्हणून जोडलाय. त्या दिवशीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'स्टेशनवर पाय घसरून पडल्या' असे लिहिले आहे. गेटाचा उल्लेख नाही. शिवाय स्टेशनच्या वहीत 'काही तक्रार नाही' यावर आईची सही घेतली गेली. हे दोन्ही लपवू नका, पलीकडून निघाले तर तुमचे बाकीचे म्हणणेही संशयात येईल. तक्रारीतच सांगा, की मोडलेल्या हाताने, दुखण्यात, न वाचता सही झाली, आणि डॉक्टरांना हकीकत शेजारच्या प्रवाशाने सांगितली. तुम्ही त्याच संध्याकाळी बहिणीला पाठवलेला संदेश, 'गेटात अडकून पडली', हा आज तुमचा सर्वांत चांगला पुरावा आहे. तो फोन जपा.

बिले 41,300 रुपयांची आहेत. तेवढी, येण्याजाण्याचा खर्च, आणि त्रासाबद्दल माफक रक्कम मागा. दहा लाख मागून कोणी प्रभावित होत नाही. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण 21 दिवसांत ठरावे, प्रतिपक्षाला उत्तरासाठी तीस अधिक पंधरा दिवस, त्यापुढे नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. म्हणतो, एवढेच. तुम्ही वर्षदीड वर्षाची तयारी ठेवा आणि आईला प्रत्येक तारखेला नेण्याऐवजी व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज करा.

शपथपत्रावर सही आईचीच लागेल. मनगट बसल्यापासून तिची सही बँकेतल्या सहीसारखी येत नाही, असे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिले आहे. नोटरीसमोर अंगठा चालतो. पण त्याआधी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेऊन हाताची पकड आज किती आहे याचा दाखला घ्या, आणि जुन्या सहीचे पासबुक व नवी सही, दोन्ही तक्रारीला जोडा.