वाचकांचे प्रश्न : ओडीसी (ठरलेल्या मापाबाहेरचा) माल आणि त्याचे परवाने

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ४.२ मीटर व्यासाचे, ११ मीटर लांबीचे, ४६ टनांचे व्हेसल (कारखान्यात वापरायची मोठी टाकी) तयार होत आहे. ते दहेजला न्यायचे आहे. ट्रान्सपोर्टर म्हणतो, परवान्याचे मी बघतो. आम्ही काय तपासावे? (मांजलपूर, वडोदरा)

उत्तर : अर्ज ट्रान्सपोर्टर करील, पण त्यातले आकडे तुमच्याकडून जातात आणि गाडी अडकते ती बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यांमुळेच. परवान्यात ४.२ मीटर लिहिलेले असते. रस्त्यावर टेप लावला की बाजूच्या नोझलमुळे (बाहेर आलेल्या नळीच्या तोंडामुळे) ४.५ भरते. म्हणून नोझल, लिफ्टिंग लग (उचलायचे कान), सॅडल (खालची बैठक), सगळे धरून मापे द्या.

उंची मालाची नाही, भरलेल्या गाडीची मोजायची. व्यास ४.२, सॅडल ०.३ आणि हायड्रॉलिक ट्रेलरचा डेक चालताना साधारण १.१५ मीटर, बेरीज ५.६५. वरच्या बाजूला एखादे नोझल असेल तर आणखी जास्त. नियमाने मालवाहू गाडीची उंची ४ मीटर आणि रुंदी २.६ मीटर, म्हणजे दोन्हीकडे तुम्ही मर्यादेबाहेर आहात. महामार्गावरच्या पुलाखाली ५.५ मीटर मोकळी उंची धरलेली असते, पण डांबराचे थर चढत गेले की ती कमी होते. हायड्रॉलिक डेक सुमारे ०.३ मीटर खाली येतो, तेवढ्यावर निभावेल का, हे प्रत्येक पुलाखाली काठी लावून पाहा. निभावत नसेल तर बाजूच्या रॅम्पवरून चढून पलीकडे उतरायची वाट शोधावी लागते. व्हेसल सॅडलवर फिरवून नोझल आडवे केले तर उंची वाचते, रुंदी वाढते. हे रेखांकन करतानाच ठरवा.

वजनासाठी अंदाज असा : माल आणि सॅडल मिळून ४८ टन, चाकांच्या सहा रांगा असलेल्या ट्रेलरचे २४ टन. एकूण ७२, म्हणजे रांगेला १२ टन. हायड्रॉलिक ट्रेलरच्या रांगेला १८ टनांची मुभा आहे, तेव्हा वजन मर्यादेत बसते. नेहमीच्या ट्रॅक्टर-ट्रेलरला एकूण ५५ टनांची मर्यादा आहे, त्यामुळे "साध्या लो-बेडवर (कमी उंचीच्या ट्रेलरवर) नेतो, स्वस्तात होईल" असे कोणी म्हटले तर नको म्हणा.

राष्ट्रीय महामार्गासाठी अर्ज केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर होतो. पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) आणि ट्रेलर दोघांची आरसी, फिटनेस, विमा, भरलेल्या गाडीचे रेखांकन, ॲक्सलमधली अंतरे, ॲक्सलवार वजन आणि मार्ग, हे सगळे लागते. राज्याच्या रस्त्यासाठी रस्ते व मकान विभाग, शहरातल्या वेळेसाठी वाहतूक पोलीस. गणेशोत्सवातल्या विसर्जनाच्या दिवशी गाडी काढूच नका. परवान्यातला पुलर ऐनवेळी बदलला तर दुरुस्ती करून घ्या, कारण नंबर जुळला नाही तर परवाना हातात असूनही गाडी विनापरवाना ठरते. मग कलम १९४ लागते : बाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये, जादा वजनासाठी २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार. शिवाय माल उतरवायचा खर्च.

सर्वेक्षणात सर्वात जीवघेणी गोष्ट विजेच्या तारा. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार नियमाने किमान ५.८ मीटरवर, ११ केव्हीची ६.१ मीटरवर असावी. तुमच्या ५.६५ मीटरला लघुदाबाच्या तारेखाली १५ सेंटिमीटरच उरतात, आणि तारा लोंबलेल्या असतात. चालू तार बांबूने उचलायला कोणालाही देऊ नका. इथे मध्य गुजरात आणि भरुच जिल्ह्यात दक्षिण गुजरात वीज कंपनीकडून शटडाऊन आधीच घ्या. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावरचा हाइट गेज (उंच गाड्या अडवणारी चौकट) ४.६७ मीटरचा असतो. तिथून तुमची गाडी जाणार नाही. फाटक टळत नसेल तर प्रतापनगरच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयाकडे ब्लॉकसाठी, म्हणजे थोडा वेळ रेल्वे वाहतूक थांबवण्यासाठी, अर्ज करावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचे ऑनलाइन पत्रक) करताना 'ओडीसी' हाच प्रकार निवडा. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओडीसीला २० किलोमीटरला एक. १२० किलोमीटर धरले तर सहा दिवस. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते.

प्रश्न : परवाना आहेच, तर त्याच ट्रेलरवर दुसरे मशीनही चढवावे का? (वाघोडिया रोड)

उत्तर : नाही. ही सवलत तोडता न येणाऱ्या एकाच नगाला आहे. दुसरा नग ठेवला की माल विभागता येतो असे ठरते आणि परवान्याचा आधारच जातो.

प्रश्न : दीडशे टनांच्या ट्रान्सफॉर्मरला परवाना मिळायला एवढा उशीर का? (सावली)

उत्तर : ट्रेलर आणि पुलर धरून एकूण वजन १६९ टनांच्या वर जाते, त्यामुळे मार्गातले पूल तांत्रिकदृष्ट्या तपासले जातात. अशी गाडी पुलावरून ताशी ५ किलोमीटरने, मधोमध आणि एकटीच जायची असते. ब्रेक मारणे किंवा थांबणे टाळायचे. मागच्या खेपेचा मार्ग जसाच्या तसा अर्जात उतरवू नका. पादऱ्याजवळचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी कोसळला; जुन्या सर्वेक्षणांत तो मार्ग धडधाकट दिसतो. अर्जाआधी स्वतःचा माणूस संपूर्ण वाटेने पाठवा, आणि पावसाळा असेल तर पुन्हा एकदा : भरुचपर्यंतची काळी माती भिजली की डांबराबाहेरच्या पट्टीवर घेतलेले चाक रुततेच.