दोनशे रुपयांची गाठ

चिरंजीवास तात्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला, पगारपत्रकाचा फोटोही मिळाला. ‘व्यवसाय कर २००’ या ओळीभोवती लाल गोल करून तू विचारलंयस, ‘तात्या, हे दोनशे कुणाच्या घशात जातात?’ आणि त्याच दमात पुढचं: आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी मुद्दे लिहून मागितलेत, तर कर कमी करा म्हणून लिहू की योजना वाढवा म्हणून लिहू? दोन रात्री झोप नाही म्हणतोस.

बाळा, तुझे हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. त्या लाल गोलातच दुसऱ्याचं उत्तर आहे. म्हणून बोटं आखडत असली तरी फोनवर न बोलता कागद घेऊन बसलोय.

दिवाळीत ओसरीवर तू म्हणालास, ‘कर आम्ही भरायचा आणि फुकटचं दुसऱ्यांनी खायचं.’ तुझी आजी तिथंच लसूण सोलत बसली होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही, ते मला लागून राहिलंय. ७२च्या दुष्काळात ती सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. मी एकोणीस वर्षांचा, त्याच केंद्रावर हजेरी लिहायला बसवलेला पोरगा. दुपारी मजुरांना खायला मिळणारी कोरडी सुकडी ती पदरात बांधून घरी न्यायची, कारण तुझा बाप तेव्हा रांगत होता. घरात मिलोच्या, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी. एकदा मुकादम तिला म्हणाला, ‘सरकार पोसतंय तुमास्नी.’ तिनं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘पोसतंय न्हाई, मी फोडलीया ती खडी मोजून घ्या.’ हे तुला कुणी सांगितलं नसणार. तिला विचार.

आता दोनशेचं ऐक. हा कर १९७५च्या कायद्यानं आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. आणि ती योजना ज्यांच्या आग्रहातून उभी राहिली ते वि. स. पागे आपल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. १९६० ते १९७८ विधानपरिषदेचे सभापती. तू पुण्याला जाताना ज्या भागातून जातोस तिथं, विसापुरात, त्यांनी साठच्या दशकात ही कल्पना आधी करून पाहिली. १९७२ साली ती राज्यभर गेली. १९७७ साली तिचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला अंगमेहनतीचं काम. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. दिल्लीनं असा कायदा केला तो २००५ साली.

लोक पागेंना रोजगार हमीचे जनक म्हणतात आणि हात जोडून पुढं जातात. मला त्या योजनेत सर्वांत मोठी वाटते ती तिच्या हिशेबाची बांधणी. पगारदारावर व्यवसाय कर. विक्रीकरावर आणि मोटारींच्या करावर अधिभार. शहरातल्या दुकान-कचेऱ्यांच्या जागांवर उपकर. आणि बागायती जमिनीवर वेगळी आकारणी. हे जेवढं जमेल तेवढीच भर राज्य सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे बघ, कृष्णाकाठी उसाला पाणी पाजणाऱ्या वाळव्याच्या बागायतदारानं जतच्या, आटपाडीच्या कोरडवाहू माणसाच्या मजुरीला हातभार लावायचा. मुंबईतल्या कारकुनानं माणदेशातल्या पाझर तलावाला लावायचा. कुणाकडून घेतलं, कशासाठी घेतलं आणि त्यातून जमिनीवर काय उभं राहिलं, ही गाठ कायद्यातच मारलेली. मी पन्नास वर्षं एवढंच म्हणत आलोय: गाठ बघ. कर जास्त की कमी हे नंतर.

आणि आता तुझ्या रागाला खरी जागा दाखवतो. घटनेच्या २७६व्या कलमानं या कराला वर्षाची मर्यादा घातली आहे. आधी ती २५० रुपये होती, १९८८च्या घटनादुरुस्तीनं २५०० झाली. तिथून आजतागायत २५००च. अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रकात दिसेलच. तू वर्षाला २५०० भरतोस आणि तुझ्या कंपनीचा मालक, ज्याच्या एका जेवणाचं बिल तेवढं होत असेल, तोही २५००च भरतो. २०२३च्या अर्थसंकल्पात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ झाला, ते योग्यच झालं. पण वरच्या टोकाला हात लावायला कुणी तयार नाही. चिडायचं तर यावर चीड. आजीच्या खडीवर चिडू नकोस.

‘कर आम्ही भरतो’ हेही सोडून दे. तुझी आजी साबणाची वडी आणते, चहाची पुडी आणते, त्यात जीएसटी आहे. पाटावरच्या मजुराच्या चपलेत आहे. या देशात कर न भरणारा माणूस मला दाखव. मी साठ वर्षांत पाहिला नाही.

आता जे सांगतो ते मी घरात फारसं बोललेलो नाही.

८२-८३ साली मी दुष्काळी पट्ट्यातल्या एका कार्यालयात हंगामी कारकून होतो. कामाचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. अर्ज घेतला की पोच द्यायची, आणि पोच दिली की त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायला सुरुवात. साहेबांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं, अर्ज ठेवून घ्या, पोच देऊ नका. कामं मंजूर नव्हती. पोचा दिल्या असत्या तर भत्ता द्यावा लागला असता आणि वर जाब गेला असता. मी दिल्या नाहीत. एक बाई चार आठवडे दर बाजारच्या दिवशी येत होती. पाचव्या आठवड्याला आली नाही. ऊसतोडीला गेली असं कुणीतरी म्हणालं. हंगाम उन्हाळ्याचा होता, ऊसतोड कुठली. मी जास्त विचारलं नाही.

तू म्हणशील, तात्या, तुम्ही काय करू शकला असता? मी स्वतःला हेच सांगत आलो. दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हंगामी नोकरी, एका शेऱ्यावर गेली असती. माझ्या जागी आलेल्या माणसानंही पोच दिली नसतीच. आणि पुढं कायम झाल्यावर मी एकही अर्ज पोचेशिवाय घेतला नाही, त्यापायी दोन बदल्या भोगल्या, हेही खरं आहे. खरं आहे, पण त्या बाईच्या हातात कागद पडला नाही. मुंबईत कुणाच्या तरी पगारातून पैसे कापले गेले, निधीत जमा झाले, आणि ते जिच्यासाठी कापले तिच्यापर्यंत आले नाहीत, कारण मधे मी बसलो होतो. गाठ मी सोडली. एवढ्याशा कागदाच्या तुकड्यानं सुटली.

म्हणून मला तत्त्वाच्या गप्पा ऐकवू नकोस. तुझ्या पुस्तकात लिहिलेलं असेल की एका कराला एका खर्चाशी बांधलं की पैसा अडकून पडतो, कामं थांबली तरी वसुली चालू राहते. माहीत आहे. आपल्याकडं तसंच झालं. कामावरची हजेरी घटत गेली, पुढं २००५च्या कायद्यानं मजुरीचा मोठा भार केंद्राकडं गेला, तरी दोनशे कापायचे काही थांबले नाहीत. आज तुझ्या लाल गोलातल्या दोनशेचं काय झालं हे तुझ्या आमदारांनाही चटकन सांगता येणार नाही. मग तेच विचारायला सांग की! सभागृहात उभं राहून हा प्रश्न विचारायचा अधिकार आमदाराला आहे, तुला-मला तो नाही.

तुझ्या मुद्द्यांत पहिला मुद्दा हा घाल: रोजगार हमीसाठी म्हणून लावलेल्या करांतून गेल्या पाच वर्षांत किती जमा झाले, राज्यानं आपल्या वाट्याचे किती घातले आणि सांगली जिल्ह्यात त्यातून कोणकोणती कामं झाली. तालुकावार मागा. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतील तेव्हाही हेच: मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला, मग पावसाळी अधिवेशनात हा खर्च नव्यानं कुठून उगवला? आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीकडं गेलेले लेखापरीक्षणाचे आक्षेप वाचून काढ. रटाळ असतात. वाच.

लाडकी बहीणचं तू विचारलंयस, चिमटा काढल्यासारखं. २०२४ पासून महिन्याला १५०० येतात, आपल्या गल्लीत कितीतरी घरांत येतात, आणि त्या पैशानं बायकांनी काय काय सोडवलंय ते मी डोळ्यांनी पाहतो. शेजारच्या सुनेनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यातून पैसे काढले, त्या दिवशी ती साडी बदलून बँकेत गेली. त्याला फुकट म्हणू नकोस, मला राग येतो. पण आमदारांना हेही लिहून दे की हे पंधराशे कोणत्या करातून येतात आणि दहा वर्षांनी कुठून येणार, हे सांगणारी ओळ अर्थसंकल्पात हवी. ती नसली तर पहिल्या तंगीत कात्री कुठं लागेल हे मला विचार. बाजारच्या दिवशी येणारी बाईच पुन्हा रिकाम्या हातानं परत जाईल, आणि टेबलामागं तुझ्याएवढा एखादा पोरगा मान खाली घालून बसलेला असेल.

करकपात मागायची तर मागा, पण कुठला खर्च कमी करणार ते त्याच वाक्यात लिही. योजना मागायची तर कर कुणावर, तेही त्याच वाक्यात. दोन वाक्यं करू नकोस. दोन वाक्यं केलीस की आमदार पहिलं वाचतील आणि दुसरं गाळतील. मी खूप भाषणं ऐकली आहेत.

आमदार नाराज झाले तर होऊ देत. तुझ्याकडं पुण्याची नोकरी आहे, घरात लग्नाच्या बहिणी नाहीत. माझ्याकडं होती ती सबब तुला नाही.

येत्या रविवारी ये. मुद्द्यांचा कच्चा कागद आण, पगारपत्रक आण. सकाळच्या एसटीनं आलास तर ऊन चढायच्या आत आपण ७३ सालच्या त्या पाझर तलावापर्यंत जाऊन येऊ. गाळानं निम्मा भरलाय, पण खालच्या दोन विहिरींना अजून पाणी असतं. आजीलाही घेऊ. भिंतीचे दगड कुठपर्यंत तिच्या टोळीनं रचले ते तिला नेमकं माहीत आहे.

तुझा,
तात्या