नवरा अमेरिकन नागरिक, तिकडेच असतो; मी फोंड्यात. व्हिसाची सुरुवात कुठून करायची?

ताई, सुरुवात तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी करायची. ते अमेरिकन नागरिक आहेत म्हणता, म्हणजे आय-१३० अर्ज (ही माझी बायको, असं नातं दाखवणारा) तेच तिथून ऑनलाइन भरतील. (नुसतं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, असतं तर वेगळी रांग लागली असती.) मंजुरी आली की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकन सरकारी कार्यालयाकडे जाते. मग तुमचा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज डीएस-२६०, त्यांचं आर्थिक हमीपत्र आय-८६४, आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत.

पण आपल्या गोव्यात खरी अडचण लग्नाच्या दाखल्याची. देवळात किंवा हॉलमध्ये लग्न लागलं तरी सिव्हिल रजिस्ट्रारकडची दुसरी सही झाल्याशिवाय नोंदणी पुरी होत नाही. आम्ही पहिली सही केली (लग्न करणार असल्याचं रजिस्ट्रारला कळवण्याची), सुट्टी संपली म्हणून हे परत गेले, आणि दाखलाच निघेना. फक्त त्या एका सहीसाठी यांना पुन्हा तिकीट काढून यावं लागलं. फार रडले होते मी त्या दिवसांत. तुमच्या दोन्ही सह्या झाल्यात का, हे आजच बघा.

जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावं अक्षर न् अक्षर ताडा. माझ्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव होतं, ते दुरुस्त करण्यात बरेच दिवस गेले.

लग्न खरं असल्याचे पुरावे म्हणून विमानाची तिकिटं, घरच्यांसोबतचे फोटो, फोनचे रेकॉर्ड जपून ठेवा. तिथे पोचताना लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ती मुदतीची अट काढून घेताना हेच पुरावे पुन्हा लागतात.