बाण मारणाऱ्याने उभं कुठे राहायचं?

या महिन्यातली तीन पत्रं एकाच कॉम्प्युटर गेमबद्दल आहेत, डायब्लो २. मूळ खेळ २००० सालचा. २०२१ मध्ये तो रिझरेक्टेड नावाने नव्या रूपात आला आणि कॉलेजातली मुलं पुन्हा त्याच्याकडे वळली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिन्ही पत्रांत विषय धनुष्यवाल्या अ‍ॅमेझॉनचा. हे कॅरेक्टर मी वर्षानुवर्षं खेळत आले आहे, म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा देते.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझे दोन मावसभाऊ रात्री जेवणं झाली की डायब्लो २ खेळतो. मोठा दादा बार्बेरियन घेतो (कुऱ्हाडवाला), छोटा सॉर्सरेस (जादूवाली) आणि मी धनुष्यवाली अ‍ॅमेझॉन. मला क्लेगलॉचे हातमोजे मिळाले तेव्हापासून माझा प्रत्येक बाण लागला की राक्षस मागे फेकला जातो. एकटी खेळते तेव्हा फार बरं वाटतं. पण तिघं मिळून खेळतो तेव्हा दादा ओरडतो, "तू मारून राहिली का पळवून राहिली?" तो म्हणतो, हातमोजे विकून टाक. विकू का?
— मानेवाडा, नागपूर

उत्तर : अजिबात विकू नकोस. दादाची तक्रार मात्र खरी आहे, ती मनाला लावून न घेता समजून घे.

हातमोज्यांचा हा मागे फेकण्याचा गुण म्हणजे नॉकबॅक. तो नेमकं काय करतो ते आधी बघू. बाण लागला की राक्षस मागे सरकतो आणि त्या धक्क्यात त्याचा उगारलेला वार मोडतो. अ‍ॅमेझॉनच्या अंगात बार्बेरियनइतका जीव नसतो. एकटीने खेळताना राक्षस जवळ पोचलाच नाही तर तिला काही होत नाही, म्हणून तुला बरं वाटतं. त्यात क्लेगलॉच्या हातमोज्यांना शत्रूला २५ टक्के मंद करायचा गुणही आहे. फेकलेला राक्षस परत यायला वेळ लावतो, तेवढ्यात दुसरा बाण तयार. लेव्हल ४ ला घालता येणारी वस्तू इतकी उपयोगी पडते म्हणून ती जपून ठेवणारे जुने खेळाडू पुष्कळ आहेत. धक्का सगळ्यांना सारखा बसत नाही, हेही ध्यानात असू दे. छोट्या अंगाचे हमखास उडतात, मधल्या अंगाचे अधूनमधून, थोराड राक्षस क्वचितच हलतात. अँडेरियल, ड्युरियल, मेफिस्टो, डायब्लो आणि बाल हे पाच मुख्य राक्षस तर जागचे हलत नाहीत. तिथे फक्त डॅमेजचा उपयोग.

आता दादाचा राग. राक्षस सरकतो तो नेहमी तुझ्यापासून लांब, तू आणि तो यांना जोडणाऱ्या सरळ रेषेत. कॅरममध्ये सोंगटी कुठे जाणार हे स्ट्रायकर कुठून आला त्यावर ठरतं, तसंच हे आहे. तुमच्या तिघांची मांडणी मला पत्र वाचूनच दिसते: दादा पुढे घुसलेला, तू आणि छोटा त्याच्या पाठीमागे. म्हणजे तुझा प्रत्येक बाण दादाच्या खांद्यावरून जातो आणि त्याच्या समोरचा राक्षस त्याच्यापासूनच लांब नेतो. तो व्हर्लविंड घेऊन गिरक्या मारत घोळक्यात शिरतो, त्याला घोळका दाट हवा असतो, आणि नेमका तोच तू पांगवतेस. छोट्याचं आणखी वाईट होतं. त्याच्या जादूतला ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, ठरलेल्या जागेवर काही काळ पडत राहतो, मिटिऑर, म्हणजे आगीचा दगड, तर वरून यायलाच वेळ घेतो. त्याने मिटिऑर टाकला आणि तू खालचे राक्षस चार पावलं मागे ढकललेस, तर तो दगड रिकाम्या फरशीवर पडतो. त्याचं मॅना, म्हणजे जादूची ताकद, वाया, आणि घरात भांडण.

उपाय असा की दादाच्या मागची जागा सोड आणि बाजूला जा. घोळका तुझ्या आणि एखाद्या भिंतीच्या मधोमध येईल अशी जागा शोध. भिंतीला टेकलेल्या राक्षसाला आणखी मागे जायला वाट नसते, म्हणून तुझ्या बाणांनी घोळका पांगायच्या ऐवजी भिंतीशी दाटतो. दादा त्या भिंतीलगत गिरक्या मारत जाईल, छोट्याने ब्लिझर्ड तिथेच टाकावा. पहिल्या अंकाच्या कॅटाकोम्ब्जमध्ये हे शिकायला सगळ्यात सोपं, कारण खोल्या छोट्या आणि भिंती जवळ. दारातून आत शिरलीस की दारातच उभी राहू नकोस, दोन पावलं डावीकडे किंवा उजवीकडे सरक आणि समोरच्या कोपऱ्याकडे तोंड कर. उघड्या माळावर, कोल्ड प्लेन्ससारख्या जागी, भिंत मिळत नाही. तिथे दादाच्या काटकोनात उभी राहा. राक्षस आडवे सरकतील, पण निदान त्याच्या कुऱ्हाडीच्या टप्प्यातून सरळ बाहेर जाणार नाहीत.

थेट पलीकडे जाऊन घोळका दादाच्या अंगावर ढकलता येईल का, असं तुझ्या मनात येईल. ढकलता येतो. पण तेव्हा तुझ्या पाठीशी न पाहिलेला भाग असतो आणि तिथून काय येईल सांगता येत नाही. लेव्हल २४ ला डिकॉय मिळाला की हे धाडस जमतं: आपला पुतळा पाठीमागच्या वाटेवर उभा करायचा, मागून येणारे आधी त्याच्याशी झोंबतात.

एका जागी मात्र दादाने थांबायचं आणि तू पुढे व्हायचं. तिसऱ्या अंकात ड्युरन्स ऑफ हेटमध्ये हातात सुरी घेतलेले बुटके, मेलेले फ्लेयर येतात. खेळाडू त्यांना डॉल म्हणतात. मरताना ते फुटतात आणि जवळ असेल त्याला जबर मार बसतो. बार्बेरियनने तिघाचौघांना एकदम मारलं की त्याचा जीवाचा लाल गोळा बघता बघता रिकामा होतो. पण अंगाने छोटे असल्यामुळे तुझ्या बाणाने ते दरवेळी उडतात. पहिला बाण त्यांना दूर करतो, पुढचा तिथेच मारतो, आणि ते फुटतात ते कोणाच्याही टप्प्याबाहेर. त्या बोळांमध्ये तुझ्यासारखी सोबतीण दुसरी नाही, हे दादाला एकदा प्रत्यक्ष दाखव. मग तो हातमोजे विकायला सांगणार नाही.

कोणतं स्किल वापरायचं तेही यावरूनच ठरतं. मल्टिपल शॉटचे बाण पंख्यासारखे पसरतात, समोरच्या सगळ्यांना साधारण एकाच दिशेला ढकलतात आणि हवं तेव्हा थांबवता येतात. भिंतीशी घोळका दाटवायला तेच चांगलं. स्ट्रेफ आपणहून वेगवेगळे राक्षस निवडतो, आणि एकदा सुरू झाला की फैर संपेपर्यंत तुला हलताही येत नाही. तुमच्या तिघांत तो सांभाळून वापर. गायडेड आर्रो हा माझा सगळ्यात आवडता. गर्दीतून एकच राक्षस सॉर्सरेसच्या अंगावर निघाला की त्या एकाला पकडून परत मागे पाठवायचा, बाकी घोळक्याला हात लावायचा नाही. माझ्या मते मिळून खेळताना नॉकबॅकचं अर्धं काम एवढंच आहे, आपल्या जादूवालीला कोणी शिवू नये. स्किलचे पॉइंट चुकीच्या जागी गेले असतील तर पहिल्या अंकातली डेन ऑफ इव्हिल ही कामगिरी पूर्ण केल्यावर गावातली अकारा ते एकदा परत करते.

आणि बोला. नागपूरचा मे महिना, कूलर फुल स्पीडवर, शेजारच्या खोलीतून दिलेली हाक ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. आमच्याकडे लक्ष्मीनगरला शनिवारी चौघं जमतो तेव्हा हेडफोनवर दोनच शब्द ठरलेले आहेत. सॉर्सरेस मिटिऑर टाकते तेव्हा "थांब" म्हणते, पडला की "सोड". "थांब" ऐकलं की मी धनुष्यावरचा हात काढते. इतकंच.

आता हातमोज्यांचा खरा तोटा. ते कायम हातात असतात, त्यामुळे धक्का बंद करता येत नाही. पुढे जमलं तर नॉकबॅक धनुष्यात आण. रून म्हणजे वस्तूच्या खाचेत बसवायचा जादूचा दगड. नेफ रून कोणत्याही शस्त्रात बसवला की त्या शस्त्राला नॉकबॅक येतो. शस्त्रांच्या एका सेटमध्ये नेफवालं धनुष्य ठेव, दुसऱ्यात साधं, आणि डब्ल्यूचं बटण दाबून लढाईच्या मधोमध बदल. लेव्हल ३९ नंतर तर मेलडी आणि हार्मनी असे दोन रूनवर्ड (ठरावीक रून ठरावीक क्रमाने बसवून बनणारी शस्त्रं) दोन सेटमध्ये ठेवता येतात: मेलडीत नेफ असल्यामुळे धक्का, हार्मनीत धक्का नाही पण त्यातल्या व्हिगर नावाच्या प्रभावामुळे सगळी पार्टी, म्हणजे तुमचा गट, पळायला चपळ. तो दिवस येईल तेव्हा क्लेगलॉचे हातमोजे पेटीत ठेव. तोवर घाल.

प्रश्न : ताई, मेलडी बनवायचा म्हणून निळ्या नावाच्या धनुष्यात शाएल, को, नेफ टाकले. काहीच झालं नाही. रून परत मिळतील का?
— खामला, नागपूर

उत्तर : नाही मिळणार, आणि याचं मलाही वाईट वाटतं. निळं नाव म्हणजे जादुई वस्तू, तिच्यात रूनवर्ड बनत नाही. धनुष्याचं नाव पांढरं किंवा करडं हवं, खाचा मोजून तीनच हव्यात, आणि रून शाएल, को, नेफ याच क्रमाने. क्रम उलटला तरी फसतं. होराड्रिक क्यूबमध्ये, म्हणजे वस्तू एकत्र करायच्या जादूच्या पेटीत, हेल रून, टाउन पोर्टलचं स्क्रोल आणि धनुष्य घातलं तर खाचा रिकाम्या होतात, पण आतले रून नष्ट होतात. तुमच्या बाबतीत ते करू नका, हेल वाया जाईल. आत्ताच्या धनुष्यातही नेफचा नॉकबॅक लागू झालेला आहेच, शाएलमुळे वेगही वाढला आहे. नवं मिळेपर्यंत तेच वापरा.

प्रश्न : आम्ही ऑफिसातले आठ जण शुक्रवारी रात्री एकत्र खेळतो. दोघंच असतो तेव्हा माझी धनुष्यवाली भराभर मारते. आठ जण आले की राक्षस मरतच नाहीत आणि मी निरुपयोगी वाटायला लागते. शिवाय मी लांब उभी, त्यामुळे खाली पडलेला माल दुसरेच उचलतात. काय करू?
— त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : गेममध्ये एक खेळाडू वाढला की राक्षसांचा जीव मूळच्या निम्म्याने वाढतो. दोघांत दीडपट, आठ जणांत साडेचारपट. पार्टीत नसलेले पण त्याच गेममध्ये असलेले लोकही यात मोजले जातात. म्हणजे तुमचा बाण तोच आहे, समोरची भिंत जाड झाली. आठ जणांत मारायचं काम मोठ्या डॅमेजवाल्यांवर सोडा आणि तुम्ही आवर घालायचं काम घ्या. राक्षस जितका जास्त वेळ जिवंत, तितके त्याचे वार जास्त, आणि वार मोडणारा माणूस तितकाच मोलाचा.

पाचव्या अंकाच्या शेवटी थ्रोन ऑफ डिस्ट्रक्शनमध्ये बाल एकामागून एक पाच टोळ्या सोडतो, तिथे हे स्पष्ट दिसतं. पहिल्या कोलेंझोच्या टोळीत बुटके फॉलन आणि त्यांना पुन्हा उठवणारे शामन असतात. फॉलनना बाजूच्या खांबांकडे ढकलत राहा, म्हणजे तुमच्या कुऱ्हाडवाल्यांना शामनपर्यंत मोकळी वाट मिळते. शामन मेले की उठवणारं कोणी उरत नाही. दुसऱ्या टोळीतल्या अखमेलच्या सांगाड्यांना तेच करा. शेवटच्या लिस्टरच्या टोळीत तुमच्या धक्क्याने फारसं काही हलणार नाही, तिथे मागे राहा, डिकॉय टाका आणि गायडेड आर्रोने एकेक निवडून मारा. डोक्यावर हाउलटस्क घातलं असेल तर ते मात्र काढा. त्यात नॉकबॅक आहे, पण मार बसलेला राक्षस पळून जाण्याचाही गुण आहे, आणि आठ जणांत पळणारा राक्षस दुसरी टोळी जागी करून आणतो.

मालाचं म्हणाल तर खाली पडलेली वस्तू जो आधी उचलेल त्याची, खेळाचा नियमच तसा आहे. लांब उभ्या राहणाऱ्यावर त्यात अन्याय होतो, हे मी स्पष्टच म्हणते. रोजची माणसं आहेत, तेव्हा गेम सुरू करण्याआधीच ठरवून घ्या: धनुष्य, बाणांचे भाते आणि अ‍ॅमेझॉनच्या वस्तू तुमच्या, कुऱ्हाडी बार्बेरियनच्या, आणि रून गेम संपल्यावर गावात येऊन वाटायचे. कोणी नाही म्हटलं तर त्याच्या अंगावर आलेला राक्षस मागे ढकलण्याआधी त्याला हीच गोष्ट पुन्हा विचारा.