गरोदरपणात एचआयव्ही : गोळ्या, माहेरपण आणि बाळाचे दूध

ताई, पाचव्या महिन्यात आपली तपासणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा बाळालाही लागण होणारच का आणि ठरल्याप्रमाणे बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी जावे का, असे आपण विचारले आहे. मुंबईतील प्रसूतिगृहांत बरीच वर्षे समुपदेशन केल्यामुळे मी सविस्तर लिहिते.

लागण होणारच, असे मुळीच नाही. उपचार न घेतल्यास गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून धोका १५ ते ४५ टक्के असतो. गोळ्या नियमित घेऊन रक्तातील विषाणू दबलेले राहिले, तर तो एक-दोन टक्क्यांच्या आत येतो. २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आजन्म एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) मोफत मिळते, म्हणून एआरटी केंद्रात उद्याच जा. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचे औषध असेल, तर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यासोबत उपाशीपोटी घेऊ नका, कारण त्यामुळे औषध अंगात नीट शोषले जात नाही. वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

माहेरी अवश्य जा, पण तयारीनिशी. गोळ्या सुटतात त्या बहुधा याच काळात, कारण इथले केंद्र दूर राहते आणि तिथे कुणाला काही सांगितलेले नसते. शिवाय व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाची, महत्त्वाची तपासणी ३२ ते ३६ आठवड्यांत, म्हणजे नेमकी आपण साताऱ्यात असताना येईल. निघण्यापूर्वी केंद्राला कल्पना द्या, पुरेशा गोळ्या आणि पत्र घ्या, आणि प्रसूती कुठल्या रुग्णालयात होणार हे आधीच ठरवा.

घरात सर्वांना सांगायची गरज नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयीच्या कायद्यानुसार आपल्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही आणि या कारणाने उपचारही नाकारता येत नाहीत. तरीही बाळ ज्यांच्या हाती असेल, त्या एका व्यक्तीला, शक्यतो आईला, विश्वासात घ्यावे, असे माझे मत आहे. बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे नेविरापीनचे औषध द्यायचे असते. धोका जास्त असेल, तर डॉक्टर दोन औषधे अधिक काळ देतात. अंगावर पाजायचे ठरवले, तर सहा महिने फक्त आईचेच दूध द्यायचे. मध, गुटी, पाणी किंवा वरचे दूध सोबत दिल्यास कोवळ्या आतड्यांना इजा होऊन धोका वाढतो. कारण ठाऊक नसलेली आजी मायेनेच गुटी उगाळणार, तिला दोष कसा द्यायचा?

बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि अखेरचा निकाल अठराव्या महिन्यात. मधला एक अहवाल चांगला आला म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नका. पतीचीही तपासणी लगेच करून घ्या. रात्री-अपरात्री शंका आली, तर १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.