ती प्लेट भंगारात घालू नकोस

नाटे,
श्रावण, सोमवार

अरे,

तुझ्या इचिंगच्या प्लेटचा, अम्लानं रेषा खोदून छापे काढायच्या त्या जस्ताच्या पत्र्याचा, फोटो काल रात्री दिवा मालवायच्या आधी पाहिला आणि मग झोप कसली येते. "बाई, अ‍ॅसिडनं सगळी खाल्ली. भंगारवाला जस्त किलोवर घेतो, देऊन टाकतो. यापुढे टॅबवरच करीन, तिथे इचिंगचा इफेक्ट मिळतो." तीन वाक्यं लिहिलीस. पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्याला माझी सक्त मनाई आहे. तिसऱ्याबद्दल शेवटी बोलू, तोवर माझा राग उतरला असला तर.

आधी फोटो मोठा करून नीट बघ. होडीच्या नाळेच्या रेषा तू सुईनं ओढल्यास त्या छान उतरल्यात. बिघडलंय ते आभाळात. तिथे तू काहीच काढलं नव्हतंस आणि नेमके तिथेच खड्डे पडलेत, देवीच्या व्रणांसारखे. याला फाउल बाइटिंग म्हणतात. ग्राउंडनं, म्हणजे अम्ल अडवणाऱ्या लेपानं, पत्र्याला घट्ट धरलं नाही, फटी राहिल्या, त्यातून अम्ल शिरलं. अ‍ॅसिडला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला वाट तू दिलीस. आपल्याकडे या दिवसांत पापड वाळत नाहीत, तिथे दमट पडवीत लावलेलं ग्राउंड काय धरणार? शिवाय बोटांचं तेल. पुढच्या वेळी खडूची पूड आणि व्हिनेगर घेऊन प्लेट घास आणि तिच्यावर पाणी ओत. पाणी सपाट पसरलं तर प्लेट तयार. अळवावरच्या थेंबांसारखं गोळा होऊन पळालं तर अजून तेल आहे, पुन्हा घास. मग पुसून, किंचित तापवून, कोरडी खणखणीत झाली की ग्राउंड.

आणि हे तुला मी शिकवावं? ग्राउंडमध्ये असतं काय? मेण, डांबर, राळ. तुझ्या आजोबांच्या वेळी पावसाआधी होड्या वर ओढून फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचे आणि वर राळ-तेलाचा लेप द्यायचे, ते मी या डोळ्यांनी बघितलंय. लेप देण्याआधी लाकूड वाळलंय की नाही हे आजोबा हात फिरवून बघत. घाई केली तर होडी समुद्रात गेल्यावर कळे. तिथे पाणी आत येऊ द्यायचं नाही, इथे अम्ल. युरोपात ही विद्या कागदासाठी जन्मलीच नव्हती. चिलखतांवर नक्षी खायला लावणारे कारागीर होते, त्यांच्यातल्याच आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरनं साधारण १५००च्या सुमारास पत्र्यावर तीच युक्ती वापरून छापे काढले. म्हणजे घराणं लोहाराचं आणि होडीवाल्याचं. मराठीत याला अम्लरेखन असा सुरेख शब्द आहे. आपण सगळे इचिंगच म्हणतो, मीही म्हणते.

आता वेळेबद्दल. तू लिहिलंयस, "साधारण अर्धा तास ठेवली असेल." साधारण? असेल? इचिंगमध्ये सुई फक्त मेण खरवडते, रेषा खोल करतं ते अम्ल आणि घड्याळ. फिकी रेषा आणि काळी रेषा तू एकाच हातानं, एकाच दाबानं काढू शकतोस. फिकी दोन मिनिटांनी बाहेर काढून वॉर्निशनं झाकायची, काळीला आणखी वीस मिनिटं खाऊ द्यायची, एवढाच फरक. मग तो काळ लिहून नको ठेवायला? माझ्याकडे १९८४ पासूनच्या वह्या आहेत. त्यात तारीख, हवा, अम्ल किती पाण्यात किती, बुडबुडे कधी धरले, कोंबडीच्या पिसानं कितीदा झाडले, हे सगळं आहे. वैशाखात जे अम्ल पाच मिनिटांत खातं त्याला पौषातल्या सकाळी आठ-नऊ लागतात. तुझ्या खोलीत किती लागतात हे पुस्तकात मिळणार नाही. जस्ताची एक पट्टी काप, तिच्यावर रेघा मार, दर दोन मिनिटांनी थोडा भाग झाकत जा आणि छाप. ती पट्टी भिंतीवर टांग.

दुसरं वाक्य, भंगार.

मीही एक प्लेट विकलेली आहे. मुंबईत शिकत होते तेव्हाची गोष्ट. भाऊच्या धक्क्यावरच्या टोपल्या उचलणाऱ्या बायका काढल्या होत्या, दोन महिने. तिसऱ्यांदा अम्लात घातली आणि खाली चहाला गेले. चहा लांबला. कोण होतं बरोबर ते आता सांगून काय उपयोग. वर येऊन पाहते तर जवळजवळ काढलेल्या रेषा एकमेकींत कोसळलेल्या, बायकांच्या पाठींच्या जागी नुसत्या खाचा. एक प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढलं, रडले, आणि दुसऱ्या दिवशी प्लेट रद्दीवाल्याला दिली. बारा रुपये आले. ते प्रूफ मात्र ट्रंकेत राहून गेलं. वीस वर्षांनी काढलं तेव्हा कसरीनं कड खाल्ली होती, पण मधल्या खाचांत शाई अशी काही साचली होती की त्या बायकांच्या पाठीवरचं ओझं मी मुद्दाम काढून कधीच काढू शकले नसते. त्यावर पुढे काम करायचं होतं. कशावर करणार?

स्क्रेपर आणि बर्निशर ही दोन हत्यारं तुझ्याकडे आहेत ना? की ती सुईबरोबर आली म्हणून पेटीत पडून आहेत? एकानं धातू खरवडायचा, दुसऱ्यानं घासून गुळगुळीत करायचा. जिथे गुळगुळीत, तिथे शाई राहत नाही, तिथे उजेड. रेम्ब्राँनं १६५३ मध्ये 'तीन क्रूस' हे मुद्राचित्र केलं, अम्लाशिवाय, सरळ सुईनं तांब्यावर. काही वर्षांनी तीच प्लेट पुन्हा घेतली, माणसंच्या माणसं खरवडून काढली आणि अर्ध्या चित्रावर उभ्या रेघांचा काळोख ओढला. चौथी अवस्था म्हणतात तिला. पहिली अवस्था आणि चौथी अवस्था शेजारी ठेवलीस तर एकाच पत्र्यावरची आहेत हे पटणार नाही. पत्रा एकच, आणि मधल्या वर्षांत माणूस बदललेला. तुझ्या प्लेटची तर ही पहिलीच अवस्था आहे.

आणि ते खड्डे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मला ते आभाळ वाटतच नाही, जांभा वाटतो. आपल्या सड्यावरचा, पावसानं पोखरलेला, पोळ्यासारखा. बारसूच्या सड्यावर तू शाळेच्या सहलीला आला होतास, आठवतं? तेव्हा कातळशिल्पांकडे कोणी फारसं बघत नसे. आता २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि कपांवर, टी-शर्टवर, हॉटेलांच्या पाट्यांवर तेच हत्ती आणि मासे. तू ते उचलू नकोस, एवढी विनंती. ती रेषा झाली कशी ते बघ. कोणीतरी जांभ्याचा वरचा थर काढला, खालची खाच उरली, आणि पाऊस पडला की त्या खाचेत पाणी साचून आकृती दिसते. शाई भरून पुसलेली प्लेट याहून वेगळी काय असते? तेव्हा होडी आभाळाखाली न ठेवता सड्यावर ओढून ठेवलेली दाखवलीस तर? खड्डे जिथे फार दाट आहेत तिथे राळेची पूड धरून हलकं अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे दाणेदार छटा, दे, जिथे नकोत तिथे बर्निशर चालव. हे माझं मत. तुला दुसरं काही दिसलं तर ते कर, पण त्याच पत्र्यावर.

आता रागाची गोष्ट. तेजाब तू ओळखीच्या सोनाराकडून आणलंस आणि बंद पडवीत ओतलंस, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. नायट्रिकचा तपकिरी धूर फुप्फुसात गेला तर त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी कळतो. आणि पाण्यात अम्ल घालायचं, अम्लात पाणी कधीच नाही. हे दारावर लिहून लाव. खरं तर जस्तासाठी तुला तेजाब लागणारच नाही. तुमच्या सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणाला मोरचूद आणतात ना? तेच. एक लिटर पाण्यात पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच साधं मीठ. धूर नाही. रेषांवर तांब्याचा लालसर गाळ बसतो, तो मऊ ब्रशनं झाडत राहायचं. निळाई उडाली की द्रावण संपलं. पण मोरचूद बागेत चालतो म्हणून उरलेलं परसात ओतू नकोस. जांभा म्हणजे चाळणी. तू ओतशील ते उद्या विहिरीत, परवा खाडीत. धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसू दे आणि तो बरणीत साठव. माझ्याकडे अशा चार बरण्या आहेत, त्यांचं काय करायचं ते मिळून ठरवू. हातमोजे घाल, हे पुन्हा सांगायला लावू नकोस.

राग बहुतेक उतरला. तर टॅब.

टॅबवर चित्र काढ, मी कुठे नको म्हणते. इफेक्ट मात्र काढू नकोस. त्या इफेक्टमध्ये खड्डे पडत नाहीत, पडले तर ते कुणीतरी आधीच ठरवलेले असतात. रत्नागिरीला माझं प्रदर्शन होतं तेव्हा एक गृहस्थ खाली पेन्सिलनं लिहिलेलं ३/१५ वाचून म्हणाले, "ही तर कॉपी. मूळ चित्र कुठंय?" मी त्यांना प्लेट दाखवली. उलटी, काळपट, शाई सुकलेली. ते म्हणाले, यात काही दिसत नाही. मी म्हटलं, तेच. मूळ चित्र असं वेगळं नसतंच, पंधराही कागद मूळ, कारण प्रत्येक वेळी शाई हातानं भरून हातानं पुसलेली असते. त्यांनी विकत काही घेतलं नाही. घेणार नाहीत, हे तुलाही सांगून ठेवते. मुद्राचित्राला तैलचित्राची किंमत येत नाही. पण कागदाचा एक तुकडा एखाद्या शिक्षकाला, नर्सला परवडतो आणि त्यांच्या भिंतीवर जातो, याचं मला अजून अप्रूप आहे.

जुनी विद्या म्हणून जपायची, असलं काही मी तुला सांगत नाही. कृष्णा रेड्डी पॅरिसला गेले आणि एकाच प्लेटवर कमी-जास्त चिकट शाया, मऊ-कडक रोलर वापरून एकाच दाबात अनेक रंग छापू लागले. मूळचे शिल्पकार, म्हणून त्यांना प्लेटची खोली दिसली. सोमनाथ होरांनी १९७०च्या दशकात शाईच सोडली आणि पांढऱ्या कागदाच्या लगद्यातच जखमा उमटवल्या. अनुपम सूद यांच्या जस्ताच्या प्लेटवरची माणसं बघ, आजच्या शहरातली आहेत. दिल्लीत २०१८ मध्ये ललित कला अकादमीनं पहिली प्रिंट बिनाले, म्हणजे मुद्राचित्रांचं द्वैवार्षिक प्रदर्शन, भरवली. या सगळ्यांत तुझी होडी कुठे बसते ते मला माहीत नाही, पण टॅबवरच्या इफेक्टनं ती तिथवर जाणार नाही एवढं कळतं.

रविवारी ये. साडेनऊच्या एसटीनं आलास तर दुपारपर्यंत दोन प्रूफं होतील. कागद मी शनिवारी रात्रीच भिजवून ठेवते. प्रेसचं चाक या हवेत गंजलंय, फिरवायला तुझे दंड लागतील, माझा खांदा आता साथ देत नाही. प्लेटच्या कडा कानशीनं उतरत्या करून आण, नाहीतर प्रेसमधलं माझं ब्लँकेट फाडशील, ते एकच उरलंय. आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, चरे पडतात. आईकडून जुनी मऊ सुती साडी मागून घे. साडी परत मिळणार नाही असं आधीच सांग तिला. शाई पुसायला लागते.

तुझी,
बाई